भूतकाळाच्या पाठीमागचा काळ : प्रस्तावना

आपल्याकडचा जो विद्यार्थी फ्रेंच भाषेच्या अभ्यासास प्रवृत्त होतो तो बहुधा इंग्रजीच्या मार्गानेच तिच्याकडे जातो. त्याच्या हाती पडणारी व्याकरणे इंग्रज विद्यार्थ्याच्या अडचणी डोळ्यांपुढे ठेवून रचलेली असतात, त्याचे शिक्षकही त्याच ग्रंथांवर वाढलेले असतात, आणि परिणामी इंग्रजास जे अवघड ते अवघड व इंग्रजास जे सुलभ ते सुलभ अशी त्याचीही समजूत होऊन बसते. ही समजूत पुष्कळ ठिकाणी निरुपद्रवी आहे. परंतु क्रियापदांच्या काळांचे प्रकरण निघाले, आणि त्यातही फ्रेंच लोक ज्याला प्ल्यूस-क-पार्फे म्हणतात त्या काळापाशी आपण येऊन ठेपलो, म्हणजे ती सरळसरळ अपायकारक ठरते. कारण या काळाची जी अंगे इंग्रजास परकी वाटतात त्यांपैकी बरीचशी मराठी माणसाच्या जिभेवर लहानपणापासून वसत आलेली आहेत, आणि जेथे इंग्रज बिनधोक चालून जातो नेमक्या त्याच जागी मराठी माणसाचा पाय घसरतो. पुढील पृष्ठांत दिलेली धातुरूपावली मराठी वाचकाकरिता आहे. ती पाठ करण्यापूर्वी या काळाचे स्वरूप, त्याची घडण आणि आपल्या भाषेशी असलेला त्याचा संबंध यांविषयी चार गोष्टी सांगणे इष्ट वाटल्यावरून हा प्रस्ताव केला आहे.

आपल्या शालेय व्याकरणात ज्याला पूर्ण भूतकाळ म्हणतात, म्हणजे ‘आला होता’, ‘लिहिले होते’ इत्यादी रूपांचा जो काळ, त्याचाच हा फ्रेंच भाईबंद होय. क्रिया होऊन गेली एवढेच सांगून या काळाचे समाधान होत नाही. भूतकाळातच एखादे ठिकाण मुक्रर करून, त्या ठिकाणी उभे राहून, तेथून आणखी मागे पाहावयाचे, हे त्याचे काम. पोर-रोयालच्या मठाशी संबंध असलेल्या आर्नो आणि लांस्लो या दोघा पंडितांनी १६६० साली जे व्याकरण प्रसिद्ध केले त्यात काळाकाळांतील हा नात्याचा भाग ध्यानात घेतलेला आहे. आणि विसाव्या शतकात हान्स रायशेनबाख या तर्कशास्त्रज्ञाने १९४७ च्या आपल्या ग्रंथात तोच विचार तीन बिंदूंच्या साहाय्याने असा मांडला की, क्रिया घडण्याचा एक क्षण, बोलण्याचा एक क्षण, आणि या दोहोंखेरीज ज्या क्षणावरून आपण क्रियेकडे पाहतो तो तिसरा, अशी त्रयी मानल्यावाचून काळांची उपपत्ती लागत नाही. साध्या भूतकाळात पाहण्याचा क्षण आणि घडण्याचा क्षण एकत्र असतात. पूर्ण भूतकाळात तिन्ही क्षण एकमेकांपासून सुटे पडतात: प्रथम क्रिया, नंतर पाहणारा, आणि शेवटी बोलणारा.

गी द मोपासाँची ‘ला पार्यूर’ ही १८८४ सालची कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. शिक्षण खात्यातील एका कारकुनाची बायको नृत्यसमारंभासाठी मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार उसना आणते, तो हरवतो, नवराबायको छत्तीस हजार फ्रँकांस तसाच दुसरा हार घेऊन मुकाट्याने परत करतात आणि पुढे दहा वर्षे कर्ज फेडता फेडता झिजून जातात, अखेरीस त्याच मैत्रिणीच्या तोंडून कळते की मूळ हार खोट्या खड्यांचा, फार तर पाचशे फ्रँकांचा होता. हीच हकीकत आरंभापासून क्रमवार सांगू लागलो तर ‘हार आणला, तो हरवला, कर्ज काढले, कर्ज फेडले’ अशा साध्या भूतकाळाच्या रूपांनी सारे काम भागते आणि पूर्ण भूतकाळाची गरज अशी कोठेच पडत नाही. परंतु शाँझेलिझेच्या बागेत त्या दोघी मैत्रिणी समोरासमोर आल्या त्या प्रसंगापासून आपण कथेस प्रारंभ केला, म्हणजे ताबडतोब ‘तिने हार आणला होता, तो हरवला होता, त्यासाठी तिने दहा वर्षे राबून कर्ज फेडले होते’ असे म्हणणे भाग पडते. सांगणाऱ्यास घटनांचा क्रम मोडण्याची मुभा हवी असेल तर ती या काळाच्या जामिनावर मिळते. गोष्टीचे कालमान ज्या लेखकांनी उलटेसुलटे करून पाहिले त्या सर्वांनी या काळावर भारी बोजा टाकलेला आहे, तो यामुळेच.

आता घडणीकडे वळू. साहाय्यक क्रियापदाचे अपूर्ण भूतकाळाचे रूप घ्यावयाचे आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित ठेवावयाचे, इतकाच या काळाचा विधी आहे. साहाय्यक क्रियापदे दोन: जवळ असणे या अर्थाचे आव्ह्वार आणि नुसते असणे या अर्थाचे एत्र्. लिहिणे या अर्थाच्या एक्रीर या क्रियापदास पहिले लागते, येणे या अर्थाच्या व्हनीर या क्रियापदास दुसरे. म्हणून मी लिहिले होते ते ज’आव्हे एक्री, तू लिहिले होतेस ते त्यू आव्हे एक्री, त्याने लिहिले होते ते इल आव्हे एक्री, आम्ही लिहिले होते ते नूझ आव्हिऑं एक्री, तुम्ही लिहिले होते ते व्हूझ आव्हिए एक्री आणि त्यांनी लिहिले होते ते इलझ आव्हे एक्री. आणि तसेच ज’एते व्हन्यू, त्यू एते व्हन्यू, इल एते व्हन्यू, नूझ एतिऑं व्हन्यू, व्हूझ एतिए व्हन्यू, इलझ एते व्हन्यू.

ही रूपे मोठ्याने म्हणून पाहणाऱ्यास एक गोष्ट तत्काळ जाणवेल की सहांपैकी चार ठिकाणी साहाय्यक क्रियापदाचा उच्चार एकच आहे. मी, तू, तो आणि ते या चौघांचे आव्हे कानाला सारखेच. कागदावर मात्र मी आणि तू यांची शेवटची अक्षरे एक, तो आणि ते यांची निरनिराळी. त्यामुळे कर्ता कोण हे ओळखण्याचा भार सर्वस्वी सर्वनामावर येऊन पडतो. मराठीत ‘आलो होतो’ म्हटले की ‘मी’ किंवा ‘आम्ही’ निराळे उच्चारण्याची फारशी गरज राहत नाही. फ्रेंचमध्ये सर्वनाम गाळले की वाक्य निराधार होते. या अक्षरांचा इतिहासही मौजेचा आहे. आव्हेच्या लेखनात आज जो स्वर लिहिला जातो त्याच्या जागी पूर्वी वेगळीच अक्षरजोडी लिहीत असत. उच्चार केव्हाच पालटला होता, व्होल्तेअरने तो बदल लेखनात उतरविण्याचा हट्टही धरला होता, तरी फ्रेंच अकादमीने त्याला आपल्या कोशाच्या सहाव्या आवृत्तीतच, म्हणजे १८३५ साली, मान्यता दिली. तेव्हा त्यापूर्वी छापलेला एखादा ग्रंथ हाती आला आणि त्यातील प्रत्येक साहाय्यक क्रियापद चुकीचे छापल्यासारखे दिसले तर वाचकाने मुद्रकास बोल लावू नये.

आणि आता मी ज्या भागाकडे येतो तो या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे, आणि माझ्या मते मराठी वाचकाचा खरा हक्कही येथेच आहे. इंग्रज विद्यार्थ्यास दोन साहाय्यक क्रियापदांचे मोठे कोडे पडते, कारण त्याच्या भाषेत गेला होता आणि लिहिले होते या दोहोंस एकच साहाय्यक पुरते. आणि त्याहून मोठे कोडे असे की फ्रेंच धातुसाधित कधी कर्त्याप्रमाणे लिंगवचन घेते, कधी कर्माप्रमाणे घेते, आणि कधी कोणाचेच घेत नाही. त्याच्या व्याकरणकारांनी या कोड्यास नियम, उपनियम आणि अपवाद यांची तटबंदी उभारलेली आहे, आणि आपला विद्यार्थी इमानाने ती तटबंदी पाठ करतो. पण त्याने क्षणभर थांबून आपल्याच वाक्यांकडे पाहावे. ‘ती आली होती’ आणि ‘ते आले होते’ यांत क्रियापद कर्त्यामागून चालते. ‘त्याने पत्र लिहिले होते’, ‘त्याने चिठ्ठी लिहिली होती’, ‘त्याने ग्रंथ लिहिला होता’ यांत ते कर्त्यास सोडून कर्माच्या मागे जाते. आणि ‘त्याने मुलांना बोलाविले होते’ यात कर्म ना-प्रत्ययाने झाकले गेल्यामुळे क्रियापद कोणाच्याच मागे न जाता नपुंसकलिंगी एकवचनात स्वस्थ बसते. कर्तरि, कर्मणि आणि भावे हे आपले तीन प्रयोग. आणि एत्र् घेणारे धातुसाधित, आव्ह्वार घेणारे पण कर्म अगोदर आलेले धातुसाधित, आणि आव्ह्वार घेणारे पण कर्म नंतर आलेले वा मुळीच नसलेले धातुसाधित, या फ्रेंचमधील तीन स्थिती. ‘त्याने लिहिलेली चिठ्ठी’ हा अर्थ फ्रेंचमध्ये ‘ला लेत्र् किल आव्हे एक्रीत’ असा होतो. चिठ्ठी स्त्रीलिंगी, ती क्रियापदाच्या अगोदर आली, म्हणून एक्रीचे एक्रीत झाले, जसे आपले लिहिलाचे लिहिली होते. परंतु तीच चिठ्ठी क्रियापदामागून आली, ‘इल आव्हे एक्री ला लेत्र्’, तर धातुसाधित पुल्लिंगी एकवचनात उभे राहते; फ्रेंचला नपुंसकलिंग नाही, म्हणून उदासीनतेचे काम तिला पुल्लिंगाकडून करवून घ्यावे लागते. तसेच ‘एल लर आव्हे दी’, म्हणजे ‘तिने त्यांना सांगितले होते’, यात ‘त्यांना’ हे पद अगोदर येऊनही क्रियापद ढळत नाही, जसे ते मराठीतही ढळत नाही.

हे साम्य योगायोगाचे नाही. निदान सर्वस्वी योगायोगाचे नाही. लॅटिनमध्ये एखादा मनुष्य ‘मजपाशी लिहिलेली पत्रे आहेत’ या अर्थाने ‘हाबेओ लित्तेरास स्क्रिप्तास’ असे म्हणे, त्या वेळी ‘लिहिलेली’ हे पत्रांचे विशेषण असे आणि विशेष्याप्रमाणे त्याची विभक्ती, लिंग, वचन ही चालत. हळूहळू ‘जवळ असणे’ या अर्थाचे क्रियापद झिजून निव्वळ साहाय्यक झाले, लिहिलेली पत्रे जवळ असणे याचे पत्रे लिहिणे झाले, पण विशेषणाची जुनी सवय कर्माचे लिंगवचन सोडावयास कबूल होईना. आपल्याकडेही संस्कृतातील ‘मया पत्रं लिखितम्’ या रचनेतील क्तप्रत्ययान्त विशेषणाने मूळच्या भूतकाळी रूपांस पदच्युत केले, प्राकृतातील इल्ल प्रत्ययाची त्यास जोड मिळाली, आणि त्यातून मराठीचा केला, गेली, लिहिले हा सारा परिवार निघाला. विशेषण भूतकाळाच्या गादीवर बसले तरी विशेषणाचे वळण त्याने टाकले नाही, हे दोन्ही भाषांत घडले. आपल्या भाषेच्या या घडणीचा शोध एका फ्रेंच पंडितानेच घेतलेला आहे, हे येथे नमूद केले पाहिजे: ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या विकासावरील ग्रंथ १९२० मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. त्या ग्रंथाचे वाचन ज्यास साधेल त्यास फ्रेंच धातुसाधितांची भीती फार काळ वाटणार नाही.

अर्थात साम्य कितीही सुखकर असले तरी ते ताणू नये. पहिली गोष्ट, कर्म अगोदर आले तरच जुळणी आणि नंतर आले तर नाही, हा भेद मराठीस अपरिचित आहे. तो सोळाव्या शतकात क्लेमां मारो या कवीने इटालियन भाषेच्या धर्तीवर आपल्या शिष्यांस पद्यात समजावून दिला आणि तेव्हापासून तो फ्रेंच शाळांत ठाण मांडून आहे. त्याचा जाच कमी करण्याचे प्रयत्न झाले. १९०१ च्या फेब्रुवारीत शिक्षणमंत्री झोर्झ लेग यांनी हुकूम काढून परीक्षांत काही सवलती दिल्या. परंतु सरकारी हुकमाने व्याकरण हलत नाही, आणि नियम आजही कायम आहे. दुसरी गोष्ट, ही जुळणी बहुतेक ठिकाणी कागदापुरतीच असते. पार्ले या धातुसाधितास स्त्रीलिंगाचे अक्षर जोडले तरी उच्चार पार्लेच राहतो, आणि व्हन्यू पुरुष आला तरी व्हन्यूच, स्त्री आली तरी व्हन्यूच. एक्री-एक्रीत यांसारखी कानास कळणारी जोडी विरळा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: अकर्मक तेथे एत्र् असे समीकरण मांडणाऱ्याची फसगत ठरलेली. जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, शिरणे, पडणे, जन्मणे, मरणे, राहणे अशी गतीची वा स्थित्यंतराची सुमारे वीस क्रियापदे आणि सर्व आत्मवाचक क्रियापदे एवढ्यांनाच एत्र् लागते. झोपणे, धावणे, चालणे ही मराठीत निखालस कर्तरि असली तरी फ्रेंचमध्ये आव्ह्वारच्याच ताब्यात आहेत. उलट आपण ‘मी शिकलो होतो’, ‘ती विसरली होती’ असे सकर्मक असूनही कर्तरि बोलतो, तेथे फ्रेंचमध्ये आव्ह्वारवाचून गत्यंतर नाही.

आदरार्थी बहुवचनाचा एक बारकावा येथेच उरकून घेतो. ‘बाई आल्या होत्या’ असे म्हणताना आपण क्रियापदाचे दोन्ही अवयव बहुवचनी करतो. फ्रेंच मनुष्य एखाद्या बाईंस आदराने ‘व्हूझ एतिए व्हन्यू’ म्हणतो तेव्हा साहाय्यक बहुवचनी असते, पण धातुसाधित लिहिताना तो स्त्रीलिंगी एकवचन लिहितो. आदर साहाय्यकाने दाखवावयाचा आणि हिशेब धातुसाधिताने ठेवावयाचा, अशी ही वाटणी आहे.

लॅटिन भाषेत हा काळ एकपदी होता. प्रेम करणे या अर्थाच्या क्रियापदास प्रत्यय लावून ‘आमावेराम’ असे एकच रूप ती भाषा साधीत असे. फ्रेंचच्या अगदी आरंभीच्या वाङ्मयात, म्हणजे ८८० च्या सुमारास रचलेल्या संत युलालीच्या स्तोत्रात, त्या एकपदी रूपांचे काही अवशेष दिसतात, पण त्यांचा अर्थ तोपर्यंत साध्या भूतकाळाचा होऊन चुकला होता. पुढे ती रूपेही लोपली. पोर्तुगीजने मात्र तो वारसा जतन केला, त्यामुळे गोव्यातील ज्या मंडळींनी पूर्वी पोर्तुगीज शाळांतून शिक्षण घेतले त्यांना बोलणे या क्रियापदाचे ‘फालारा’ हे एकपदी पूर्ण भूतकाळाचे रूप परिचित असावयाचे. फ्रेंचने दोन पदांची रचना स्वीकारली आणि ती पथ्यावर पडली. कारण गेल्या काही पिढ्यांत फ्रेंच संभाषणातून पासे सँप्ल हा साधा भूतकाळ जवळजवळ हद्दपार झाला, आणि त्याच्या साहाय्यकावर उभारलेला पासे आँतेरिएर हा काळही त्याच्याबरोबर ग्रंथांत कोंडला गेला. परंतु अपूर्ण भूतकाळ बोलीत जिवंत राहिला, म्हणून त्याच्या खांद्यावर बसलेला हा आपला काळही जिवंत राहिला. बाजारात भाजी विकणारी फ्रेंच बाई आणि अकादमीचा सभासद हे दोघेही तो सारख्याच सहजतेने वापरतात.

आता धोक्याचे ठिकाण. मराठी माणूस म्हणतो, ‘काल मी पुण्याला गेलो होतो.’ या वाक्यात दुसऱ्या कोणत्याही भूतकालीन घटनेचा उल्लेख नाही, तो अभिप्रेतही नाही. तरी ‘गेलो’ न म्हणता ‘गेलो होतो’ म्हटले जाते, कारण बोलणारा जाऊन परत आलेला आहे, जाण्याचा परिणाम पुसला गेला आहे. ‘तो आला आहे’ म्हणजे तो अजून घरात बसला आहे. ‘तो आला होता’ म्हणजे तो येऊन निघून गेला. ही छटा मराठीची मोलाची मालमत्ता आहे, परंतु ती फ्रेंचच्या सरहद्दीत चालत नाही. पॅरिसमध्ये एखाद्या यजमानास ‘काल मी व्हेर्सायला गेलो होतो’ या अर्थाने ‘ज’एते आले आ व्हेर्साय’ असे सांगितले तर तो मान हलवून पुढची घटना ऐकण्यासाठी थांबून राहील: गेला होतात, मग काय झाले? तेथे ‘ज स्वी आले’ असा पासे कोंपोझे, म्हणजे बोलण्यातला नेहमीचा भूतकाळच हवा. आपल्या लोकांच्या इंग्रजीतही हीच चूक पदोपदी आढळते, आणि ती इंग्रजीतून फ्रेंचमध्ये जशीच्या तशी वाहून नेली जाते. तेव्हा पूर्ण भूतकाळ वापरण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःस एकच प्रश्न विचारावा: कशाच्या अगोदर? उत्तर मिळाले तर वापरावा. न मिळाल्यास सोडून द्यावा.

या प्रश्नाचे उत्तर कधी कधी वाक्यात न दिसता प्रसंगात असते, हेही सांगितले पाहिजे. पोरगा झाडावर चढला, सांगूनही ऐकले नाही, आणि पडला. त्यास उचलता उचलता आपली आई म्हणते, ‘मी तुला सांगितले होते.’ फ्रेंच आई त्याच घटकेस ‘ज त ल’आव्हे दी’ म्हणते, अगदी तोच काळ, तीच कुरकुर. येथे ‘कशाच्या अगोदर’ याचे उत्तर समोर खरचटलेले गुडघे आहेत. इंग्रज आई मात्र साध्या भूतकाळावर भागवते. म्हणजे येथे आपण इंग्रजीचा आडपडदा बाजूस सारून फ्रेंचशी थेट बोलू शकतो. याच जातीचा दुसरा मासला म्हणजे नम्रतेचा. ‘आपल्याकडे एक काम होते’ असे म्हणत आपण दारात उभे राहतो, वास्तविक काम अद्याप व्हावयाचे असते. तसाच फ्रेंच मनुष्य ‘ज’एते व्हन्यू व्हू दमाँदे’, म्हणजे ‘आपणास विचारावयास आलो होतो’, असे म्हणून आपली विनंती एक पाऊल मागे सारतो, की समोरच्यास नकार देणे जड जाऊ नये.

परोक्त कथनाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचे मार्ग निराळे होतात, आणि येथे अभ्यासाला पर्याय नाही. मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण त्याचे मूळचे काळ तसेच ठेवतो: ‘ती म्हणाली की पत्र लिहिले.’ पेशवे दफ्तरातील पत्रे ज्यांनी चाळली असतील त्यांस ठाऊक आहे की वकिलाने दरबारी ऐकलेला मजकूर शब्दशः द्यावयाचा आणि शेवटी ‘म्हणोन’ ठेवून मोकळे व्हावयाचे, अशी ती शैली होती. हे वळण आजच्या बोलीतही आहे. फ्रेंच भाषा दुसऱ्याचे बोलणे आपल्या काळात ओढून घेते. ‘एल आ दी’, तिने सांगितले, असे एकदा म्हटले की तिच्या तोंडचे लिहिले हे रूप ‘कॅल आव्हे एक्री ला लेत्र्’ असे पूर्ण भूतकाळात ढकलले जाते. फ्लोबेरने या नियमाचा फार कुशलतेने फायदा घेतला. ‘मादाम बोव्हारी’सारख्या कादंबरीत तो ‘तिने म्हटले’, ‘तिला वाटले’ हा खुंटाच काढून टाकतो आणि केवळ अपूर्ण व पूर्ण भूतकाळांच्या जोरावर वाचकास पात्राच्या मनात नेऊन बसवितो. मार्सेल प्रूस्तने १९२० मध्ये फ्लोबेरच्या शैलीवर लेख लिहून काळांच्या अशा वापराने जगाकडे पाहण्याची दृष्टीच पालटली असा अभिप्राय दिला होता. अशा उताऱ्याचा मराठी अनुवाद करू पाहणाऱ्यास पुष्कळ वेळा तो काढलेला खुंटा पुन्हा ठोकावा लागतो, कारण मराठीत नुसत्या ‘होते’ने निवेदक कोणता आणि पात्र कोणते हे उमगत नाही.

जर-तरच्या वाक्यांत आपण ‘मला माहीत असते तर मी आलो नसतो’ असे दोन्ही बाजूंस संकेतार्थ योजतो. फ्रेंच मनुष्य ‘जर’ या बाजूस पूर्ण भूतकाळ ठेवतो, ‘सी ज’आव्हे स्यू’, आणि ‘तर’ या बाजूस संकेतार्थाचे रूप. याच वळणाचे एक वाक्य इव्ह रॉबेर यांच्या १९६२ च्या ‘ला गेर दे बुतों’ या चित्रपटात, लुई पेर्गो यांच्या १९१२ मधील कादंबरीवरून तो काढला आहे, एका चिमुकल्या पोराच्या तोंडी आले आहे, आणि तो बिचारा येणे या क्रियापदास एत्र्च्या ऐवजी आव्ह्वार लावून मोकळा होतो. ती चूक साऱ्या फ्रान्सच्या स्मरणात राहिली आहे. फ्रेंच बालकांसही ही दोन साहाय्यके जन्मजात उमगत नाहीत, एवढा दिलासा आपल्या विद्यार्थ्याने त्यातून घ्यावा.

रूपावलीच्या उपयोगाविषयी थोडे सांगून थांबतो. प्रत्येक क्रियापदाची नकारार्थी व प्रश्नार्थी रूपे स्वतंत्र दिली आहेत, कारण नकाराचे दोन शब्द साहाय्यकास दोन्ही बाजूंनी वेढतात व धातुसाधित बाहेर राहते, आणि हे डोळ्यांस सवयीचे व्हावयास वेळ लागतो. आत्मवाचक क्रियापदांत ‘तिने स्वतःस धुतले होते’ आणि ‘तिने हात धुतले होते’ यांची धातुसाधिते निराळी लिहिली आहेत, पहिल्यात स्त्रीलिंगाचे अक्षर आहे आणि दुसऱ्यात नाही. तो मुद्रणदोष समजू नये. फ्रान्सच्या दक्षिण भागात व स्वित्झर्लंडात दोन साहाय्यके एकापुढे एक ठेवून जी अधिक दूरची रूपे बोलीत वापरतात ती येथे घेतलेली नाहीत. मोंते आणि देसाँद्र् म्हणजे चढणे आणि उतरणे ही क्रियापदे मात्र दोन ठिकाणी आढळतील, एकदा एत्र्खाली आणि एकदा आव्ह्वारखाली. नुसतेच ‘ती वर गेली होती’ असेल तेव्हा एत्र्; ‘तिने पेट्या वर नेल्या होत्या’ असेल तेव्हा आव्ह्वार; आणि ‘ती जिना चढली होती’ हे आपल्याकडे उघड कर्तरि असले तरी फ्रेंच लेखणीस जिना हे कर्म दिसते, म्हणून तेथेही आव्ह्वारच.